किनाऱ्याची राखण आणि तिचा खर्च

कोकणातल्या अनेक देवळांत सभामंडपात, गाभाऱ्यासमोर, जमिनीवर दगडी कासव असतं. त्याला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि मग देवापुढे उभं राहायचं, अशी रीत. त्याच गावांच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत खऱ्या कासवाची अंडी उकरून घरी नेली जायची. काही खाल्ली जायची, काही विकली जायची. ही माणसं वाईट नव्हती. वाळूत एकाच जागी शंभरेक अंडी मिळणं म्हणजे गरिबाच्या घरी फुकट आलेलं अन्न होतं, चार पैसे होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि समुद्री कासवांना त्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवलेलं आहे. पण पहाटे तीन वाजता पुळणीवर कायदा हजर नसतो. तिथे असतो गावातला माणूस.

किनाऱ्याच्या रक्षणात लोकसहभाग हवा, असं आपण भाषणात सहज बोलून जातो. तो सहभाग म्हणजे नेमकं काय काम, ते कोण करतं आणि त्याची झळ कोणाला लागते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मला ते सांगायचंय, आणि कासवापासून सुरुवात करायची आहे, कारण कासवाच्या घरट्यात ही सगळी गोष्ट दिसते.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास आहे. नाना फडणवीसांचं गाव म्हणून पूर्वी ओळखलं जायचं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, या भागात पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा अभ्यास करत होती. गरुड शोधता शोधता त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. घरटी होतात आणि ती लुटली जातात, हे त्यातून कळलं. मग त्यांनी गावकऱ्यांनाच हाताशी धरलं. घरटं शोधायचं कसं, हे अंडी काढणाऱ्यांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पुढे त्यांच्यातलेच काही जण राखणीला उभे राहिले आणि या कामाचा त्यांना मोबदलाही मिळू लागला. आज त्यांना सगळे ‘कासवमित्र’ म्हणतात. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच, की ज्ञान बाहेरून आणावं लागलं नाही. ते गावात होतंच, फक्त त्याची दिशा बदलली.

आता घरट्याचं काम समजून घेऊ. आपल्याकडे प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले जातीचं कासव अंडी घालायला येतं, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. मादी रात्री येते. भरतीची रेषा ओलांडून कोरड्या वाळूत चढते आणि मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करते. वरून तोंड अरुंद, आत पोट मोठं. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. ती पिंगपाँगच्या चेंडूएवढी असतात आणि कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. मग वाळू ओढून खड्डा बुजवते आणि अंगाचा भार एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला टाकत ती चोपून बसवते. तासाभरात सगळं आटोपून समुद्रात जाते. त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही.

मागे उरतो तो माग. दोन-अडीच फूट रुंदीचा, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा पट्टा, पाण्यापासून वर गेलेला आणि पुन्हा खाली आलेला. पहाटे माणसांची, गुरांची ये-जा सुरू होण्याआधी आणि भरतीचं पाणी चढण्याआधी तो दिसला तर दिसला. म्हणून कासवमित्राला अंधारात उठून चालत जावं लागतं, रोज, थंडीत, तीन-चार महिने. एक दिवस खाडा केला तर नेमकं त्याच दिवशीचं घरटं कुत्री किंवा कोल्हे उकरतात. माग सापडला की काठीने हलकेच चाचपायचं. बाकीची वाळू घट्ट लागते, घरट्यावरची भुसभुशीत असते, काठी पटकन आत जाते. तिथून पुढे फक्त हात.

अंडी हलवायची तर अंडी घातल्यापासून काही तासांच्या आतच. नंतर आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, उलटं झालं, तर तो सुटतो आणि मरतो. म्हणून प्रत्येक अंडं जसं आहे तसंच उचलायचं आणि तसंच ठेवायचं. भरतीरेषेच्या वर कुंपण घालून केलेली जागा असते, तिला हॅचरी म्हणतात. तिथे मूळ खड्ड्याइतकाच खोल, त्याच आकाराचा खड्डा करून अंडी ठेवायची, वाळू लोटायची आणि वर तारखेची व अंड्यांच्या आकड्याची पाटी रोवायची.

इथे एक गोष्ट थोडी सावकाश समजून घ्यायला हवी. कासवात पिल्लू नर होणार की मादी, हे आईबापांच्या गुणसूत्रांवर ठरत नाही, वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ ते ३० अंशांच्या आसपास सीमारेषा असते. त्याहून गार वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. म्हणजे हॅचरीवर सावलीची जाळी लावली की नाही, खड्डा चार बोटं उथळ झाला की काय, यावर पुढच्या पिढीत नर किती आणि माद्या किती हे ठरू शकतं. म्हणूनच शक्य असेल तिथे घरटं जागच्या जागी राखणं सर्वांत चांगलं. हॅचरी हा नाइलाजाचा उपाय आहे. कुत्री, उधाण आणि अंडीचोर यांच्यापासून वाचवता येत नसेल तेव्हाच तो करायचा. एखाद्या किनाऱ्यावर उत्साही मंडळी प्रशिक्षणाशिवाय अंडी हलवू लागली, तर मनातली माया कितीही खरी असली तरी त्या अंड्यांचं वाटोळंच होणार.

पंचेचाळीस ते साठ दिवस जातात. मग घरट्यावर वेताची टोपली पालथी घालून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. मी एकदा फेब्रुवारीत सकाळी कुंपणाबाहेर उभं राहून हे बघितलं. पहिल्या दोन टोपल्यांखाली नुसती वाळू. तिसरी उचलली तर वाळू मधोमध किंचित खचलेली, बशीसारखी. टोपल्या उचलणारे कासवमित्र काका म्हणाले, ‘‘खाली हालचाल सुरू झालीय.’’ त्या खळग्यातून आधी एक काळसर नाक दिसलं, मग एक पाय, आणि मग दूध उतू यावं तशी एकदम वीस-पंचवीस पिल्लं वर आली. जेमतेम दीड-दोन इंचांची, अंगाला वाळू चिकटलेली. खालची पिल्लं वळवळतात, त्यांच्या अंगावर वाळू ढासळते, ती पायाखाली तुडवत सगळी मिळून वर चढतात. एकटंदुकटं पिल्लू दीड फूट वाळूतून सहसा वर येऊ शकत नाही.

पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत. काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि त्यांना स्वतः चालू देतात. वाळू ते पाणी एवढा हा प्रवास त्यांना स्वतःच्या पायांनी करायचा असतो आणि त्यात आपण ढवळाढवळ करू नये, हा नियम आहे. ती जिथे उजेड जास्त तिकडे वळतात. निसर्गात रात्री सर्वांत उजळ असतं ते समुद्रावरचं क्षितिज. किनाऱ्यावर हॉटेलचा एक झगझगीत दिवा असेल तर पिल्लं पाठ फिरवून रस्त्याकडे चालू लागतात. गोव्यात मोरजीला कासवंही येतात आणि पर्यटकही, तेव्हा तिथे दिवे कोणते आणि किती हा प्रश्न जिवावरचा ठरतो.

यातली हजारात एखाद-दुसरं मोठं होतं, असं मानलं जातं. मग एवढा आटापिटा कशासाठी, असा प्रश्न तिथे उभ्या असलेल्या एका मुलीनेही विचारला होता. उत्तर असं, की ऑलिव्ह रिडले वयात यायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे एखाद्या किनाऱ्यावरची सगळी अंडी सलग दहा वर्षं लुटली गेली तरी त्या काळात माद्या येतच राहतात, कारण त्या आधीच्या पिढीतल्या असतात. कोणालाच काही बिघडलंय असं वाटत नाही. आणि मग एके वर्षी किनारा रिकामा पडतो. तेव्हा जागं होऊन उपयोग नसतो. राखणीचं फळ आणि लुटीची शिक्षा, दोन्ही इतक्या उशिराने येतात की आज पहाटे उठायचं कारण डोळ्यांना दिसत नाही. ते पोटाला तरी दिसायला हवं.

ते कारण वेळासला २००६पासून सुरू झालेल्या कासव महोत्सवाने दिलं. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरू लागले. घरगुती जेवण, अंगणात गप्पा, पहाटे पाच-साडेपाचला चहा आणि किनाऱ्याकडे पायपीट. अंडी विकून मिळायचे त्याहून कितीतरी जास्त पैसे अंडी राखून मिळू लागले. पुढे दापोली, गुहागर, राजापूर, सिंधुदुर्ग, रायगड अशा किनाऱ्यांवर हे काम पसरलं आणि वनविभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष व कांदळवन प्रतिष्ठान त्यात उतरले.

पण हे नुसतं कौतुकाने सांगून भागणार नाही. पैसा आला की त्याचा दाबही येतो. मुंबई-पुण्याहून दीडदोनशे किलोमीटर गाडी हाकत आलेल्या माणसाला पिल्लू बघायचंच असतं. मग रात्री बाहेर आलेली पिल्लं सकाळच्या गर्दीसाठी थांबवून ठेवण्याचा मोह होतो. पिल्लाच्या अंगात जन्मतः जी थोडी शिदोरी असते ती पहिल्या दिवसभरात किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात पोहत जाण्यासाठी असते. टोपलीत वळवळण्यात ती संपली तर समुद्रात ते कमी पडतं. शिवाय ज्याचं घर मोठं, ज्याच्याकडे शौचालय बरं, त्याच्याकडे पाहुणे जातात. पहाटे चालणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे गावाने दर हंगामात स्वतःला विचारायला हवं. पाहुणा म्हणून जाणाऱ्यानेही, पिल्लं नाही दिसली तरी चालेल, अशी मनाची तयारी करूनच जावं.

आता किनाऱ्यावरून होडीत जाऊ. कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं तर ते बुडून मरतं. जाळ्यात कासव आलं तर नाखव्यापुढे दोनच वाटा. ते सुटेपर्यंत जाळ्याशी झटापट करायची, नाहीतर जाळं कापायचं. जाळं कापलं म्हणजे हजारोंचं नुकसान, त्या फेरीची मासळी गेली ती वेगळीच. आणि हे नुकसान सोसायचं कोणी? ज्याने चांगुलपणा केला त्यानेच. डिसेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र सरकारने यावर एक निर्णय केला. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखे संरक्षित जीव जाळं कापून सोडले तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. पुरावा म्हणून सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ.

वरवर बघता ही भरपाईची एक साधी योजना. पण तिने आणखी एक काम केलं. कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात, कुठला जीव जाळ्यात येतो याची नोंद तयार होऊ लागली. संशोधनाची बोट आठवड्याला एकदा जाणार, मच्छीमार रोज जातो. त्याच्या हातातल्या मोबाइलमधला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ हा समुद्राच्या अभ्यासातला खराखुरा पुरावा असतो.

गुजरातमध्ये याच्याही आधी असंच घडलं. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तेलासाठी आणि मांसासाठी त्याची मोठी शिकार व्हायची. २००१ साली त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, पण किनाऱ्यावर त्याची फारशी खबर नव्हती. २००४मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम सुरू केली, तेव्हा रामकथाकार मोरारी बापूंनी त्या माशाची तुलना बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीशी केली. ‘वहाली’, म्हणजे लाडकी, हे तिचं नाव झालं. माहेरवाशिणीवर सुरी कोण चालवणार? तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले गेले. तिथेही गुजरातच्या वनविभागाने जाळ्याची भरपाई दिली. मला वाटतं, भावना आणि भरपाई या दोन्ही एकत्र होत्या म्हणून हे टिकलं. नुसत्या पैशाने माणूस रात्री समुद्रात उतरून जाळं कापत नाही, आणि नुसत्या भावनेवर दर वर्षी नवं जाळं घेता येत नाही.

लोकसहभाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातमोजे घालून प्लास्टिक गोळा करणारी मुलं येतात. ते काम चांगलंच आहे. वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५पासून अफरोज शाह आणि त्यांच्यासोबत हजारो लोकांनी आठवड्यामागून आठवडे कचरा उचलला आणि मार्च २०१८मध्ये तिथल्या वाळूतून कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दिसली, तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मालवणचे रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि छोटे गिलनेटवाले (पाण्यात उभं जाळं लावणारे) पर्ससीनच्या, म्हणजे थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडताहेत, मोर्चे काढताहेत, तोही समुद्राच्या रक्षणातला नागरिकांचाच सहभाग आहे. प्रखर दिव्यांनी रात्री मासळीचे थवेच्या थवे गोळा करून उपसायचे, पिल्लं आणि गाभोळीची मासळीसुद्धा ठेवायची नाही, याला त्यांचा विरोध आहे. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली, पर्ससीनवर राज्याने २०१६मध्ये निर्बंध आणले. ते पाळले जावेत म्हणून समुद्रात नजर ठेवणं आणि तक्रार करणं हे काम याच लोकांनी अंगावर घेतलंय. त्यात त्यांचे दिवस जातात, शेजारच्या बंदरातल्या माणसांशी वैर येतं. हे नुकसान अजून कोणीच वाटून घेतलेलं नाही.

खाडीकडे वळलं की कांदळवन लागतं. तिवर, चिप्पी ही झाडं. पांढरी चिप्पी २०२०पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. त्यांच्या मुळांच्या जाळीत कोळंबी, खेकडे आणि कित्येक माशांची पिल्लं वाढतात. मुंबईच्या एका पर्यावरण संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये कांदळवन तोडीला मनाई केली, २०१८च्या अंतिम निकालाने ती पक्की केली. भोवतालचा पन्नास मीटरचा पट्टाही त्यात राखीव आहे. न्यायालयात जाणं हाही सहभागच. पण वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बाया होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात, झाडांची नावं सांगतात, ते मला जास्त जवळचं वाटतं. त्या खाडीतली झाडं उभी राहण्यात आता त्यांची रोजीरोटी आहे.

शहरात राहणाऱ्याने काय करावं, याचं एक सुंदर उदाहरण मुंबईतच आहे. २०१७मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही जणांनी ओहोटीच्या वेळी जुहू, गिरगाव, हाजी अली अशा किनाऱ्यांवरच्या खडकांत फिरून जे दिसेल त्याचे फोटो काढायला, नोंदी ठेवायला सुरुवात केली. समुद्री गोगलगायी, अष्टपाद, प्रवाळ, समुद्रफुलं. मुंबईच्या गढूळ पाण्यात हे सगळं आहे, यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. असली नोंद कामाची का, तर एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात ‘या ठिकाणी महत्त्वाची जीवसृष्टी आढळली नाही’ असं लिहून येतं, तेव्हा ते खोडायला तारीख, जागा आणि फोटो लागतात. सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांना आवर घालणाऱ्या नियमांत कांदळवन, प्रवाळ, कासवांच्या विणीच्या जागा यांना सर्वांत कडक संरक्षण आहे, पण ती जागा नकाशावर तशी दाखवलेली असली तरच. किनारा व्यवस्थापनाचे नकाशे मसुदा म्हणून जाहीर होतात, त्यांवर हरकती मागवतात, जनसुनावणी होते. आपल्या गावची पुळण, आपली खाडी त्या नकाशावर कोणत्या रंगात आहे, हे तहसील कचेरीच्या दालनात जाऊन बघणारा माणूस कासवमित्राइतकाच महत्त्वाचा. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असेल तर लोक जैवविविधता नोंदवहीत घरट्यांच्या जागा लिहून ठेवा. ते कागद पुढे उपयोगी पडतात.

पावसाळ्यात किनाऱ्यावर जखमी कासव आलेलं दिसलं, आणि जून ते सप्टेंबर हे नेहमी होतं, तर त्याला ढकलून पाण्यात घालू नका. पोहण्याची ताकद नाही म्हणूनच ते वाहून आलेलं असतं. सावलीत ठेवा, नाकपुड्या मोकळ्या ठेवून पाठीवर ओलं फडकं घाला, कुत्री दूर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जाळ्यातलं कासव निपचित असेल तर मेलं म्हणून फेकू नका. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं. काही तासांनी ते डोळे उघडू शकतं.

जानेवारी २०२५मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका कासवाच्या पायावर धातूची पट्टी दिसली. पट्टीवरचा क्रमांक शोधला तर ती २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली निघाली. बंगालच्या उपसागरातली मादी अख्ख्या दक्षिण भारताला वळसा घालून कोकणात आली होती. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी असावीत या समजाला त्याने धक्का दिला. यासाठी कोणी मोठं यंत्र लावलेलं नव्हतं. रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर कोणीतरी हजर होतं आणि त्याने पायाकडे नीट बघितलं.

त्या फेब्रुवारीच्या सकाळी पिल्लं पाण्यात गेल्यावर माणसं पांगली. काका परत हॅचरीत आले. पिल्लं निघून काही दिवस झालेलं शेजारचं एक घरटं त्यांनी कोपरापर्यंत हात घालून उकरलं आणि आतली टरफलं फडक्यावर काढून मोजली. फाटलेली वेगळी, न उबलेली वेगळी, सडलेली वेगळी. मग ओल्या वाळूचा हात लुंगीला पुसून वही उघडली आणि तारीख लिहिली.